गुडघ्याच्या उंचीवरचं केशर: काळा-नारिंगी माशीमार कसा शोधावा, कसा पाहावा

काळा-नारिंगी माशीमार बघायला गेलेली बरीच माणसं पहिल्या दिवशी हात हलवत परत येतात, कारण ती वर बघत राहतात. पक्षी म्हटलं की मान आपोआप शेंड्याकडे वळते. हा पक्षी मात्र जमिनीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात जगतो. दाट झुडपांखाली, शेवाळलेल्या काटकीवर, एखाद्या ओहोळाच्या काठी तो बसलेला असतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून फांद्या धुंडाळत पुढे निघून जातो. त्याच्या मुलखात तो दुर्मीळ नाही. योग्य रानात शिरलात आणि उभं राहायला शिकलात, तर एका सकाळी तीन-चार जोड्या दिसू शकतात. त्याचा मुलूख मात्र फार लहान आहे. म्हणून शोध पक्ष्यापासून सुरू करू नका, रानापासून करा.

आधी पक्षी डोळ्यांत भरून घ्या

लांबी ११ ते १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षा लहान. नराचं डोकं, मानेची मागची बाजू आणि पंख काळे कुळकुळीत. बाकी सगळं अंग, पाठीसकट, भगव्याकडे झुकणारं नारिंगी. मादीत काळ्याच्या जागी गडद तपकिरी रंग येतो आणि डोळ्याभोवती फिकट कडं असतं. अंग तिचंही नारिंगीच, त्यामुळे मादी ओळखताना इतर माशीमारांच्या माद्यांइतकं डोकं खाजवावं लागत नाही.

थॉमस जर्डन या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. फिसेड्यूला नायग्रोरुफा या नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच काळा आणि तांबूस असा आहे. सगळ्या जगात तो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात राहतो: निलगिरी, पळणी, अण्णामलै, मुन्नारचा डोंगराळ भाग आणि आसपासच्या उंच रांगा. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तो नाही. त्यामुळे आपल्याला प्रवास करावाच लागतो, आणि एकदा तिथवर गेल्यावर सकाळ वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

रान ओळखायला शिका

या पक्ष्याचं घर म्हणजे शोला. तमिळमधल्या ‘सोलै’ या शब्दावरून हे नाव रूढ झालं. साधारण १५०० मीटरच्या वर डोंगरांच्या घड्यांमध्ये, जिथून पाणी वाहतं तिथे, ठेंगण्या सदाहरित झाडांचे गच्च पुंजके दिसतात आणि भोवती मोकळं गवताळ रान पसरलेलं असतं. लांबून पाहिलं तर हिरव्या दुलईच्या चुण्यांत गडद रंग साचल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात रात्री उघड्या उतारांवर दव गोठतं आणि झाडांची कोवळी रोपं करपतात. झाडीच्या आत मात्र ऊब आणि ओल टिकते. रान घडीत राहतं आणि गवत उतारावर, त्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं.

शोलात शिरल्यावर चार गोष्टी तपासा. झाडं बुटकी, वाकडी, माथ्याशी छत्रीसारखी पसरलेली आहेत का? खोडांवर शेवाळ, दगडफूल आणि नेचे आहेत का? पायाखाली ओला, जाड पाचोळा आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, झाडांखाली झुडोरा, म्हणजे बुटक्या झुडपांची दाटी, आहे का? हा झुडोरा बऱ्याचदा कारवीच्या भाऊबंदांचा असतो. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ती पानं बघताच ओळख पटते. दर बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी याच कुळातली. ती २०१८ मध्ये फुलली होती, पण ती मोकळ्या उतारांवरची. शोलाच्या पोटात सावलीत वाढणाऱ्या तिच्या बहिणी असतात, आणि त्यांच्या खोडांमधल्या अंधारात आपला पक्षी.

झाडं भरपूर आहेत आणि खालचा मजला मोकळा आहे, तर पुढे चला. निलगिरी (युकॅलिप्टस), वॅटल (बाभळीचा ऑस्ट्रेलियन भाऊबंद) आणि पाईन यांच्या लागवडी बाहेरून जंगलासारख्या दिसतात. आत मात्र गळालेल्या सुयांचा किंवा पानांचा कोरडा थर असतो आणि झुडोरा विरळ. ब्रिटिश काळापासून या लागवडींनी शोला आणि गवताळ रानं दोन्ही गिळली. नवख्या माणसाची अर्धी सकाळ अशाच रानात खर्ची पडते. हे मी अनुभवानं सांगतो: उटीजवळच्या एका पाईनच्या राईत मी दोन तास चाललो होतो आणि पक्षी हाकेच्या अंतरावरच्या शोलात होता.

कधी जावं

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा. या काळात धुकं, जळवा आणि अंधार, तिन्ही जोरात. पक्षी तिथेच असतो, तो स्थलांतर करत नाही, पण तुमचे हाल होतात. डिसेंबर ते मे हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं बधिर होतात, हवा मात्र स्वच्छ असते आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणेही दिसतात. मार्च ते मे हा विणीचा हंगाम. नर गातात, त्यामुळे सापडणं सोपं. याच काळात त्यांना सर्वांत जास्त जपावंही लागतं, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. एप्रिल-मेमध्ये या गावांना सुट्टीची गर्दी असते. मला निवड करायची झाली तर मी फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य धरतो.

दिवसाची वेळ: उजाडल्यापासून पहिले तीन तास. शोलात उजेड बाहेरच्यापेक्षा उशिरा उतरतो, म्हणून काळोखात आत घुसून काही साधत नाही. दुपारी साडेतीन-चारनंतर पुन्हा हालचाल सुरू होते.

कुठे जावं

उटी साधारण २२४० मीटरवर आहे. तिथून दोड्डबेट्टा या २६३७ मीटर उंचीच्या शिखराकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला शोलाचे तुकडे आहेत. गाड्यांची रांग लागण्याआधी पोचलात तर रस्त्यावरूनच पक्षी दिसतो. कोटगिरीजवळचं लाँगवुड शोला माझ्या फार जवळचं आहे. जेमतेम ११६ हेक्टरचं हे रान आसपासच्या गावांना पाणी देतं, आणि २०२४ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. आत जाण्याआधी वनखात्याकडे विचारा.

पळणी डोंगरात कोडैकनाल गावालाच लागून बॉम्बे शोला आहे. मराठी माणसाला नाव ऐकून आपुलकी वाटते, आणि रानही तसंच जवळचं, चालत जाण्यासारखं. केरळात मुन्नारच्या बाजूला पांपाडुम शोला राष्ट्रीय उद्यान आहे, २००३ मध्ये घोषित झालेलं आणि केरळातलं सर्वांत लहान. तिथे वनखात्याच्या माणसासोबत फिरायचं. तो सोबतीचा माणूस ही अडचण समजू नका. रोज त्याच वाटेनं जाणाऱ्याला कुठल्या ओढ्यावर कोणती जोडी आहे हे ठाऊक असतं. एरविकुलम उद्यानात २६९५ मीटरचं अनमुडी शिखर आणि निलगिरी ताहर ही रानबकरी आहे, पण ताहरांच्या विणीसाठी ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं, म्हणून तारीख बघूनच बेत आखा. निलगिरी जिल्हा आणि कोडैकनालसाठी वाहनांना ई-पास लागतो. तो निघण्याआधी काढून ठेवा.

काय न्यावं

दुर्बीण ८ बाय ४२ची. आठपटच पुरते, कारण पक्षी जवळ असतो. दहापट दुर्बिणीत अंधार वाढतो आणि हात थरथरल्याचं जास्त जाणवतं. विकत किंवा उसनी घेताना एकच गोष्ट पक्की बघा: दोन मीटरवरची वस्तू तिच्यात स्पष्ट दिसते का? हा पक्षी कधीकधी इतका जवळ येतो की पाच मीटरच्या अलीकडे न जुळणारी दुर्बीण कुचकामी ठरते.

कपडे मळकट हिरवे किंवा तपकिरी, आवाज न करणारे. सळसळणारं रेनकोटाचं कापड शोलात फार लांबवर ऐकू जातं. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे. जळू चिकटलीच तर हिसकून ओढू नका, तिच्या तोंडाशी नख सरकवून बाजूला करा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही.

खरं भय गव्यांचं. कोडैकनाल, कोटगिरी, उटी या सगळ्या भागांत गवे रानाच्या कडेला, चहाच्या मळ्यात, कधी घरांच्या अंगणातही येतात. एकटा नर गवा वाटेत उभा असेल तर वळसा शोधत बसू नका, सरळ मागे फिरा. निलगिरीत अस्वलंही आहेत. एकट्यानं शोलात शिरणं मी पूर्णपणे सोडून दिलं आहे, आणि तुम्हीही जाऊ नका.

प्रत्यक्ष पाहण्याची रीत

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, म्हणून सावकाश सांगतो.

वाट किंवा ओहोळ रानाला छेदतो अशी जागा निवडा. तिथे झुडोऱ्याला एक फट पडलेली असते आणि पक्ष्याला खालच्या पाचोळ्यावर नजर ठेवायला ती सोयीची जाते. एखाद्या खोडाला पाठ लावून उभे राहा किंवा बसा, म्हणजे तुमची आकृती उजेडावर उठून दिसणार नाही. मग पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं रान गप्प असतं, कारण तुम्ही आत्ताच आलेले असता. सातव्या-आठव्या मिनिटाला पाचोळ्यात खुसखुस सुरू होते, वर राखी डोक्याचा पिवळा माशीमार चिवचिवाट करतो, आणि मग खालच्या मजल्यावर काहीतरी हलतं.

नजर फिरवायची तीही खालून. आधी पाचोळा, मग घोट्याच्या, मग गुडघ्याच्या उंचीच्या आडव्या काटक्या, शेवटी कमरेच्या. उभ्या फांद्या सोडून द्या. त्याला आडवी, मोकळी काटकी आवडते. एकेक काटकी न्याहाळू नका, पट्टाच्या पट्टा सैल नजरेनं बघा आणि हालचाल पकडा. रंगावर विसंबू नका. एवढा भडक पक्षी अंधारात पटकन दिसेल असं वाटतं, पण शोलाच्या सावलीत त्याचा काळा भाग विरघळून जातो आणि नारिंगी भाग वाळक्या पानासारखा दिसतो. मी कित्येकदा पान समजून त्याच्यावरून नजर काढली आहे.

कान उघडे ठेवा. त्याचं गाणं बारीक, अतिशय उंच पट्टीतलं, एखाद्या किड्यानं धार लावल्यासारखं, शेवटी थरथरणारं. धोका वाटला की ‘झिट्-झिट्’ असा कोरडा खटका. पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांच्या कानांना एवढी उंच पट्टी नीट ऐकू येत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एखाद्या तरुण सोबत्याला बरोबर घ्या आणि आवाज कुठून येतोय ते बोटानं दाखवायला सांगा, बोलून नको.

एकदा दिसला की पुढे पाऊल टाकू नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. त्याचा इलाका लहान असतो आणि तो त्याच दोन-चार काटक्यांवर फिरून परत येतो. तुम्ही जागेवर राहिलात तर तोच जवळ येतो. लाँगवुडमध्ये एकदा मी ओहोळाकाठी बसलो असताना एक नर माझ्यापासून जेमतेम तीन हातांवर, पेन्सिलीएवढ्या जाड काटकीवर येऊन बसला. मान किंचित तिरपी करून त्यानं खाली पाहिलं, टपकन पाचोळ्यावर उतरला आणि करड्या रंगाचा एक पतंग घेऊन त्याच काटकीवर परतला. पतंग त्यानं काटकीवर दोनदा आपटला. आपटताना पंखांची राखेसारखी भुकटी उडाली आणि उजेडाच्या कवडशात क्षणभर तरंगली. मग त्यानं तो गिळला, चोच काटकीच्या दोन्ही बाजूंना पुसली आणि पुन्हा खाली बघायला लागला. काटकीवरचं शेवाळ त्याच्या नखांच्या जागी दबलेलं मला दुर्बिणीशिवाय दिसत होतं. तो उडून गेल्यावर मी ती जागा बोटानं चाचपून बघितली, ओली आणि गार होती.

नर दिसला की मादीसाठी थांबा. बहुतेक वेळा ती दहा-पंधरा मीटरच्या परिसरात असते. घाईत लोक नराचा फोटो घेतात आणि निघतात.

गफलत कुठे होते

हिवाळ्यात निलगिरीत काश्मिरी माशीमार येतो. त्याच्या नराचा गळा-छाती तांबूस-नारिंगी आणि कडेला काळी किनार, त्यामुळे क्षणभर फसायला होतं. पाठ बघा. काश्मिरी पाहुण्याची पाठ राखट तपकिरी असते, आपल्या पक्ष्याची नारिंगी. निलगिरी माशीमार सगळाच निळा आणि बसतोही बराच वर, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

खालच्याच मजल्यावर, त्याच अंधारात, आणखी एक पक्षी भेटू शकतो आणि त्याला चुकवू नका: लांब पायांचा, पाटीसारख्या निळ्या रंगाचा शोलातला रॉबिन. व्ही. व्ही. रॉबिन या पक्षीसंशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या पक्ष्यांसाठी शोलिकोला ही नवी प्रजाती मांडली, म्हणजे शोलात राहणारा. पालक्काडच्या खिंडीच्या उत्तरेला त्याची एक जात आणि दक्षिणेला दुसरी. सुमारे ३० किलोमीटरच्या सखल खिंडीनं दोन्हीकडचे रॉबिन लाखो वर्षं वेगळे ठेवले. डोंगरमाथे ही बेटं आहेत आणि मधली गरम मैदानं म्हणजे या पक्ष्यांना ओलांडता न येणारा समुद्र. आपला माशीमार खिंडीच्या दोन्ही बाजूंना आहे. पण उंच, थंड, ओल्या रानाची गरज त्यालाही तेवढीच आहे. हवा तापत गेली तर डोंगरावरचं रान वर सरकू शकतं, पण माथ्याच्या वर सरकायला जागा नाही.

फोटो

उजेड कमी असतो, पण पक्षी बराच वेळ स्तब्ध बसतो. या स्तब्धतेचा फायदा घ्या. एकपायी स्टँड किंवा झाडाचा आधार, शटर १/१२५च्या आसपास, आयएसओ १६०० ते ३२००, आणि पाच-सहा फोटोंची छोटी मालिका. त्यात एखादा तरी स्पष्ट येतो. फ्लॅश नको. काळं डोकं आणि भडक अंग एकत्र असल्यानं कॅमेरा नारिंगी रंग जाळून टाकतो, म्हणून उजेड अर्धा टप्पा कमी ठेवा. कॅमेरा स्वतःच्या छातीच्या खाली आणा, शक्य तर बसून घ्या. वरून घेतलेल्या फोटोत हा पक्षी पाचोळ्यात हरवतो.

चांगल्या फोटोसाठी काटक्या तोडणं, पानं बाजूला बांधणं हे प्रकार होतात. तसं कोणी करत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. ती पानं कुणाच्या तरी घरट्याचं छप्पर असू शकतं.

घरटं आणि आवाजाचा सापळा

घरटं म्हणजे लव्हाळ्याची पानं आणि गवत यांचा गोळा, नेच्यात किंवा बुटक्या झुडपात, जमिनीपासून फार थोड्या उंचीवर. आत बहुधा दोन अंडी. पाचोळा अडकून साचल्यासारखाच दिसतो, त्यामुळे चुकून पाय पडायची भीती खरी आहे. मार्च ते मे या काळात वाट सोडून झुडोऱ्यात उतरायचं नाही, हा नियम मी स्वतःसाठी पाळतो. पक्षी चोचीत गवत किंवा अळी धरून तुमच्याकडे बघत नुसताच बसला असेल, खटके देत असेल, तर तुम्ही घरट्याजवळ आहात. लगेच वीस पावलं मागे व्हा. घरट्याचा फोटो काढू नका आणि जागा कुणाला सांगू नका.

मोबाइलवर त्याचं गाणं वाजवून त्याला बाहेर काढणं सोपं आहे आणि म्हणूनच ते फार होतं. कोटगिरीत मी एका गटाला हे करताना पाहिलं. नर जवळपास वीस मिनिटं त्या मोबाइलभोवती घिरट्या घालत होता. जो शत्रू तिथे नव्हताच, त्याला शोधत होता. मादी गवताची काडी चोचीत धरून एकाच फांदीवर बसून होती. त्या वीस मिनिटांत घरट्यात एक काडी गेली नाही, नराच्या पोटात एक किडा गेला नाही. आणि त्या वाटेवर रोज असे दोन-तीन गट येतात. ध्वनिमुद्रण आदल्या रात्री खोलीत ऐका, गाणं पाठ करा, आणि रानात मोबाइल खिशात ठेवा.

नोंद

त्याच दिवशी, जागेवरून उठण्याआधी लिहा: तारीख, वेळ, जागा, अंदाजे उंची, नर किती, माद्या किती, जमिनीपासून किती वर बसला, खाली झुडोरा कसला, जवळ पाणी होतं का, काय करत होता. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना घरट्याचा उल्लेख वगळा. पक्षी दिसला नाही तरी किती वेळ थांबलात ते लिहून यादी पूर्ण टाका. एखाद्या शोलात पूर्वी तो हमखास दिसायचा आणि आता तासभर थांबूनही दिसत नाही, हे कळायला त्या रिकाम्या नोंदीच लागतात. दोड्डबेट्टाच्या रस्त्याकडेला मी दरवर्षी एकाच वळणावर, एकाच दगडावर, पंधरा मिनिटं बसतो. गेल्या खेपेला तिथे एक नर, एक मादी आणि काटकीवर पुसलेल्या चोचीचा ओला ठसा होता. तिन्ही लिहून ठेवलं आहे.